ट्रीव्ह्यूत रंग दिलाय पण दिसत नाय? असं शोधा

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीत शिरलं तेव्हा एका गुळाच्या अडत दुकानातला पीसी पाण्यात गेला. नशीब एवढंच की दिवाणजी रोज संध्याकाळी हिशोबाची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्यायचे, त्यामुळं डेटा वाचला. प्रोग्रॅम मी लिहिलेला, पायथन आणि टीकेइंटरमध्ये (पायथनमधून खिडक्या, बटणं, याद्या बनवायची लायब्ररी). एक ट्रीव्ह्यू होता, वर तालुका, तालुका उघडला की गाव, गाव उघडलं की शेतकरी, आणि ज्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) थकलीय त्याची ओळ लाल, ज्याची पट्टी (माल विकल्याचा हिशोब) चुकती झालीय ती हिरवी, बाकी काळी. नवीन पीसी आला, मी त्यावर त्यावेळचं ताजं पायथन टाकलं, फाइल जोडली, आकडे सगळे पैशापर्यंत जुळले, मी निवांत घरी गेलो. पाडव्याच्या सौद्याआधी दोन दिवस दिवाणजींचा फोन आला, "आरं, लाल माणसं कुठं गेली सगळी?"

कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं, तरी सगळी ओळ न् ओळ काळी. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसलो आणि मग कळलं की चूक माझ्या कोडमध्ये नव्हतीच. पण ते कळायच्या आधी मी चांगल्या चाललेल्या दहा गोष्टी मोडून ठेवल्या होत्या, त्या परत जोडण्यात अजून एक दिवस गेला. म्हणून हे लिहितोय. बीसीए नाहीतर डिप्लोमाला असलेली पोरं प्रोजेक्टमध्ये ट्रीव्ह्यू घेतात, रंग लागत नाय म्हणून मला विचारतात, आणि दर वेळी बघायचा क्रम तोच असतो.

एक आधीच सांगतो. खाली कमांडची नावं मी आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयेत. तुम्ही टाइप करताना ती पायथनच्या मूळ स्पेलिंगनंच करायची, आणि रंगाच्या कोडमधले आकडेसुद्धा इंग्रजी आकडेच टाकायचे, देवनागरी आकडे टीकेला (टीकेइंटरच्या आत खरं चित्र काढणारं टूलकिट) कळत नाहीत.

रंग नेमका ठरवतं कोण

हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, म्हणून इथं जरा थांबा. ट्रीव्ह्यूच्या एका ओळीच्या अक्षरांचा रंग तीन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे स्टाईलचा साधा रंग, म्हणजे थीमनं ठरवलेला किंवा तुम्ही स्टाईल डॉट कॉन्फिगर करून दिलेला, तो सगळ्या ओळींना लागू. दुसरा म्हणजे टॅग. तुम्ही ओळीला टॅग चिकटवता आणि टॅगला रंग देता, तो साध्या रंगावर बसतो. आणि तिसरा म्हणजे स्टाईलचा मॅप, यात अटी असतात, म्हणजे ओळ सिलेक्ट केलेली असेल तर अमुक रंग, विजेट (खिडकीतली वस्तू, इथं ट्रीव्ह्यू) डिसेबल्ड म्हणजे बंद असेल तर तमुक रंग. शेवटचा शब्द मॅपचा. मॅपमधली एखादी अट त्या ओळीला लागू पडली की टॅग काहीही सांगू दे, रंग मॅपचाच दिसणार.

नवीन पोरांना वाटतं की टॅग सगळ्यात वर, कारण तो आपण स्वतः हातानं दिलेला असतो. तसं नाय. टॅगचा रंग दिसतो तो मॅपमधली कुठलीच अट त्या क्षणी लागू नसते म्हणून. माझ्या लाल ओळी का गेल्या त्याचं उत्तर याच वाक्यात होतं, पण ते खाली येईल.

आधी छोटी फाइल करा

मोठ्या प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नका, ही विनंती समजा. डेटाबेस, लॉगिन, मेनू, दोन टॅब या सगळ्यात रंग कुठं हरवतोय ते दिसत नाय. वेगळी फाइल उघडा आणि एवढंच लिहा:

झाड = टीटीके.ट्रीव्ह्यू(खिडकी)
झाड.टॅग_कॉन्फिगर('थकीत', फोरग्राउंड='#९९००००')
झाड.इन्सर्ट('', 'एंड', टेक्स्ट='पहिला', टॅग्ज=('थकीत',))
झाड.इन्सर्ट('', 'एंड', टेक्स्ट='दुसरा')
झाड.पॅक()

वर खिडकी तयार करायची आणि खाली मेनलूप चालवायचा, ते तुम्हाला येतंच. चालवल्यावर 'पहिला' गडद लाल आणि 'दुसरा' काळा दिसला तर तुमचं पायथन आणि टीके ठीक आहे, भानगड तुमच्या मोठ्या कोडमध्ये आहे. दोन्ही काळे दिसले तर भानगड मशीनवरच्या टीकेमध्ये किंवा थीममध्ये आहे आणि तुमच्या कोडला हात लावायचा नाय. मी त्या रात्री ही पाच ओळींची फाइल रात्री दीडला केली, नऊला करायला पायजे होती.

दोन्ही काळे दिसले तर

पहिल्यांदा टीकेचा पूर्ण व्हर्जन नंबर बघा. टीकेइंटरमधलं टीकेव्हर्जन नावाचं व्हेरिएबल प्रिंट केलं तर नुसतं ८.६ येतं, त्याचा उपयोग नाय, आपल्याला तिसरा आकडा हवा. खिडकी.टीके.कॉल('इन्फो', 'पॅचलेव्हल') प्रिंट करा, त्यात पूर्ण नंबर येतो. पायथन ३.११ पासून पुढं असाल तर खिडकी.इन्फो_पॅचलेव्हल() असा सरळ मार्ग आहे.

तिथं ८.६.९ दिसलं की चोर सापडला. टीके ८.६.९ मध्ये ट्रीव्ह्यूच्या मॅपमध्ये एक अट आली, ती अशी की विजेट डिसेबल्ड नसेल आणि ओळ सिलेक्टेड नसेल तर अमुक रंग. आता विचार करा, साधी पडून असलेली प्रत्येक ओळ डिसेबल्डही नसते आणि सिलेक्टेडही नसते, म्हणजे ही अट कायमच लागू, म्हणजे टॅगच्या रंगाला कधी संधीच मिळत नाय. अक्षरांचं पण तसंच आणि मागच्या पट्ट्याचं म्हणजे बॅकग्राउंडचं पण तसंच. पायथन ३.७.३ आल्यावर विंडोजवाल्या बऱ्याच लोकांचे रंग याच कारणानं गेले होते, आणि मी पुरानंतर टाकलेलं पायथन त्याच वळणाचं होतं. जुन्या पीसीवर जुना टीके होता म्हणून तिथं चालत होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये टीके ८.६.१० आलं त्यात हे सुधारलं, त्यामुळं आज नवीन पायथन टाकलं की प्रश्न आपोआप मिटतो. पण कॉलेजच्या लॅबमध्ये, नाहीतर दुकानात, जिथं वर्षानुवर्षं कुणी अपडेट करत नाय, तिथं ८.६.९ अजून भेटू शकतं.

अपडेट करता येत असेल तर तेच करा. नसेल करता येत तर मॅपमधून ती अट काढून टाकायची. आधी ती डोळ्यांनी बघा, म्हणजे विश्वास बसेल (इथं स्टाईल म्हणजे टीटीके.स्टाईल(खिडकी)):

प्रिंट(स्टाईल.मॅप('ट्रीव्ह्यू', क्वेरी_ऑप्ट='फोरग्राउंड'))

साधारण अशी यादी येईल: डिसेबल्डला करडा, मग '!डिसेबल्ड' आणि '!सिलेक्टेड' असं जोडीनं लिहून काळा, मग सिलेक्टेडला पांढरा. उद्गारचिन्ह म्हणजे 'नसेल तर'. ती मधली जोडी आपल्याला नकोय:

जुना = स्टाईल.मॅप('ट्रीव्ह्यू', क्वेरी_ऑप्ट='फोरग्राउंड')
नवा = [म फॉर म इन जुना इफ म[:२] != ('!डिसेबल्ड', '!सिलेक्टेड')]
स्टाईल.मॅप('ट्रीव्ह्यू', फोरग्राउंड=नवा)

बॅकग्राउंडलाही याच तीन ओळी परत, फक्त फोरग्राउंडच्या जागी बॅकग्राउंड. एवढं केलं आणि पाच ओळींच्या फाइलमध्ये 'पहिला' लाल झाला. मला अजून आठवतंय, मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि चहा ठेवला.

इथं एक जागा अशी आहे जिथं लोक परत अडकतात. मॅप हा थीमनुसार वेगळा असतो. म्हणजे तुम्ही आधी मॅप दुरुस्त केला आणि नंतर खाली कुठंतरी स्टाईल.थीम_यूज('क्लॅम') लिहिलं तर नवीन थीमचा मॅप आला आणि तुमची दुरुस्ती जुन्या थीमपाशी राहिली. म्हणून थीम सगळ्यात आधी ठरवायची, मग मॅप, मग टॅग. प्रोग्रॅममध्ये थीम बदलायचं बटण दिलं असेल तर थीम बदलल्या बदल्या मॅपची दुरुस्ती परत चालवायची, तेवढ्यासाठी ती एका फंक्शनमध्ये ठेवा.

छोट्या फाइलमध्ये रंग आला, मोठ्यात नाय

आता तुमच्या कोडकडे वळू. इथं दोन प्रश्न विचारायचे, अंदाज बांधायचा नाय, टीकेलाच विचारायचं.

पहिला प्रश्न, टॅग ओळीला चिकटलाय का? झाड.टॅग_हॅज('थकीत') प्रिंट करा. ज्या ओळींना तो टॅग आहे त्यांचे आयडी येतात. रिकामं आलं तर टॅग चिकटलाच नाय, मग रंगाचा विषयच सोडा, आधी टॅग का चिकटला नाय ते बघा.

दुसरा प्रश्न, टॅगला रंग आहे का? झाड.टॅग_कॉन्फिगर('थकीत', 'फोरग्राउंड') प्रिंट करा. रंगाचा कोड आला तर आहे, रिकामं आलं तर टॅग आहे पण त्याला रंग दिलेला नाय. हे कधी होतं तर दोन ट्रीव्ह्यू असतात तेव्हा. टॅग हे त्या त्या ट्रीव्ह्यूचे असतात, एका ट्रीव्ह्यूला रंग सांगितला म्हणून शेजारच्या टॅबमधल्या ट्रीव्ह्यूला तो कळत नाय, दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तरी रंग नाय, तर मग वर सांगितलेला मॅपच बघायचा, दुसरं काही उरत नाय.

टॅग न चिकटण्याची कारणं मला आजवर जी भेटली ती सांगतो. सगळ्यात जास्त भेटणारं म्हणजे कंस. टॅग्ज=('थकीत') असं लिहिलं की ते टपल (पायथनमधली एक प्रकारची यादी) होत नाय, स्वल्पविराम नसेल तर पायथनसाठी ती नुसती स्ट्रिंग. एका शब्दाचा टॅग असेल तर तरीही चालून जातं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाय, पण ज्या दिवशी तुम्ही टॅगचं नाव 'थकीत बाकी' असं दोन शब्दांचं करता त्या दिवशी टीके त्या स्ट्रिंगचे जागेवर दोन तुकडे करतं, एक टॅग 'थकीत' आणि एक टॅग 'बाकी', आणि तुम्ही रंग दिलेला 'थकीत बाकी' हा टॅग कुणालाच नाय. म्हणून स्वल्पविराम नेहमी द्यायचा, टॅग एक असला तरी.

दुसरं, एक्सेलमधून आलेला डेटा. 'थकीत' च्या शेवटी एक स्पेस असते, डोळ्याला दिसत नाय. झाड.आयटम(आयडी, 'टॅग्ज') हे आरइपीआर (मजकूर अवतरणासकट जसाच्या तसा दाखवणारं फंक्शन) मध्ये घालून प्रिंट करा, स्पेस लगेच दिसते.

आणि तिसरं फक्त आपल्याला, मराठीत लिहिणाऱ्यांना भेटणारं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन तास गेले. माझा एक टॅग होता 'व्यापाऱ्याची बाकी'. कोडमध्ये मी तो एका कीबोर्डवरून टाइप केला होता आणि डेटामध्ये दिवाणजींच्या पोरानं दुसऱ्या कीबोर्डवरून. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब, काना मात्रा सगळं तेच, पण पायथनला विचारलं हे समान आहेत का तर उत्तर फॉल्स. शेवटी दोन्हीची लांबी मोजली तर एकाची १७ आली आणि एकाची १८. 'ऱ्य' हा जो आपला अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो, एक म्हणजे त्यासाठी असलेलं खास 'ऱ' हे अक्षर वापरून, आणि दुसरं म्हणजे साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर वापरून. दिसायला एक, आतून वेगळं. नॉर्मलायझेशन (अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची रीत) करून पण ही दोन एक होत नाहीत कारण तो न दिसणारा कॅरॅक्टर तसाच राहतो. शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा, आपल्या हिशोबात 'ऱ्य' जागोजागी. तेव्हापासून मी टॅगची नावं साधी रोमन अक्षरांत नाहीतर टी१, टी२ अशी ठेवतो आणि मराठी फक्त दिसणाऱ्या मजकुरात. वर उदाहरणात 'थकीत' लिहिलंय ते समजायला सोपं जावं म्हणून, तुमच्या खऱ्या कोडमध्ये तसं ठेवू नका.

टॅग आणि ओळीचा आयडी यात पण गोंधळ होतो. टॅग_कॉन्फिगरला ओळीचा आयडी दिला तर एरर येत नाय, गुपचूप त्या नावाचा नवा टॅग तयार होतो आणि रंग कुठंच दिसत नाय.

रंग होता, मधेच गेला

सुरुवातीला लाल दिसतं आणि काहीतरी केल्यावर जातं, हा वेगळा प्रकार. बहुतेक वेळा कारण असं असतं की ओळीला दुसरा टॅग द्यायचा म्हणून तुम्ही झाड.आयटम(आयडी, टॅग्ज=('निवडक',)) लिहिलं. ही कमांड टॅग वाढवत नाय, जुने सगळे काढून नवीन ठेवते. आधीचे टॅग वाचायचे, त्यात नवीन जोडायचा आणि मग परत द्यायचे.

आणि एका ओळीला रंगवाले दोन टॅग दिले, एक लाल एक हिरवा, तर कुठला दिसणार? तुम्ही यादीत कुठला आधी लिहिला यावर ते ठरत नाय. त्या ट्रीव्ह्यूमध्ये जो टॅग आधी जन्माला आला त्याचा रंग चालतो. म्हणून माझा नियम असा की एका ओळीला रंगाचा टॅग एकच, बाकीचे टॅग कामासाठी असतील तर त्यांना रंग द्यायचा नाय.

वरच्या ओळीला टॅग दिला म्हणून खालच्या पिल्लांना रंग येत नाय, हेही इथंच सांगतो. राधानगरी तालुक्याची ओळ लाल केली तर राधानगरीच लाल होणार, त्याच्या आतली गावं आणि शेतकरी आपल्या आपल्या रंगात. पाहिजे असेल तर गेट_चिल्ड्रन वापरून आत जाऊन प्रत्येकाला टॅग द्यावा लागतो. मला विचाराल तर देऊ नका, वर लाल असलं की माणूस आत उघडून बघतो आणि आत नेमका कोण लाल आहे ते त्याला दिसायला पायजे.

क्लिक केलं की लाल जातं

दिवाणजींची दुसरी तक्रार हीच होती आणि ती रास्त होती. ते स्क्रीनवर नाव शोधायचे, क्लिक करायचे, समोर उभ्या शेतकऱ्याशी बोलायचे आणि परत स्क्रीनकडे बघायचे. क्लिक केल्यावर ओळ निळी आणि अक्षरं पांढरी, म्हणजे नेमक्या त्या माणसाची उचल थकलीय का हे ज्या क्षणी बघायचं त्याच क्षणी दिसत नाय. मी त्यांच्या मागं स्टुलावर बसून अर्धा तास नुसतं बघत होतो तेव्हा हे कळलं. एकदा क्लिक, मग त्याच्या वरच्या ओळीवर क्लिक, पहिल्या ओळीचा रंग बघायचा, मग परत पहिलीवर क्लिक. दिवसभर असं. त्यांनी स्वतःहून मला हे कधी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटत होतं की कंप्युटर असाच असतो.

हा बिघाड नाय, मॅपमधली 'सिलेक्टेड' ही अट लागू होते एवढंच. टॅगनुसार वेगळा सिलेक्टेड रंग ठरवायची सोय ट्रीव्ह्यूत नाय, पण मार्ग सोपा आहे. फोरग्राउंडच्या मॅपमधून सिलेक्टेडची अट काढून टाकायची, मग सिलेक्ट केल्यावर सुद्धा टॅगचाच रंग राहतो. आणि बॅकग्राउंडच्या मॅपमध्ये सिलेक्टेडला गडद निळ्याऐवजी एखादा फिकट रंग द्यायचा, नाहीतर निळ्यावर लाल आणि निळ्यावर काळं कुणालाच वाचता येणार नाय:

स्टाईल.मॅप('ट्रीव्ह्यू', फोरग्राउंड=[], बॅकग्राउंड=[('सिलेक्टेड', '#९९९९९९')])

हा करडा माझ्या मते अजून जरा गडदच आहे, मी फिकट आभाळी वापरतो, तुम्ही तुमच्या स्क्रीनवर बघून ठरवा. फोरग्राउंडची यादी रिकामी केली की वरची ८.६.९ वाली अट पण त्यातच गेली, एका दगडात दोन पक्षी. फक्त डिसेबल्डची अट पण जाते हे ध्यानात ठेवा, ट्रीव्ह्यू डिसेबल करून करडा दाखवायचा असेल तर तेवढी एक अट परत यादीत घाला.

बाकी किरकोळ, पण अडवणारं

खिडकी एकच करा. टीके() दोनदा लिहिलं की दोन वेगळी टीके चालू होतात आणि स्टाईल पहिल्याला चिकटते, तुमचा ट्रीव्ह्यू दुसऱ्यात असला तर स्टाईलचा रंग, मॅप, थीम काहीच पोचत नाय. दुसरी खिडकी हवी असेल तर टॉपलेव्हल.

स्वतःची स्टाईल करत असाल तर तिच्या नावाच्या शेवटी बिंदू आणि ट्रीव्ह्यू आलंच पायजे, म्हणजे 'गूळ.ट्रीव्ह्यू', आणि ट्रीव्ह्यू बनवताना स्टाईल='गूळ.ट्रीव्ह्यू' द्यायला विसरायचं नाय. तुमच्या स्टाईलला त्या रंगाचा मॅपच दिलेला नसेल तर टीके मूळ 'ट्रीव्ह्यू' च्या मॅपमध्ये जाऊन शोधतं, म्हणून दुरुस्ती मूळ नावावर केलेली बरी.

वरच्या हेडिंगच्या पट्टीला रंग द्यायला गेलात आणि विंडोजवर लागला नाय तर डोकं धरू नका. विंडोजच्या मूळ थीममध्ये ती पट्टी विंडोज स्वतः काढतं, आपला बॅकग्राउंड तिथं चालत नाय. क्लॅम थीम घ्या, त्यात चालतो.

एकाच कप्प्याला रंग, म्हणजे नाव काळं आणि फक्त बाकीचा आकडा लाल, हे टीके ८.६ मध्ये होत नाय, टॅग पूर्ण ओळीला लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या टीके ९.० मध्ये कप्प्याला टॅग द्यायची सोय आलीय. तोवर ८.६ वर असाल तर यावर रात्र घालवू नका.

वेबसाइटवरून रंग कॉपी केला आणि कोडमध्ये हॅशच्या (#) चिन्हानंतर आठ अक्षरं असतील तर शेवटची दोन पारदर्शकतेची असतात, टीकेला ती चालत नाहीत, ती खोडा आणि सहा ठेवा.

रंग लागला, आता वाचता येतो का

इथपर्यंत आलात म्हणजे रंग दिसायला लागला, पण काम झालेलं नाय. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं मी एकदा दिली होती, 'लवकरच थकणार' यासाठी. माझ्या लॅपटॉपवर रात्री छान दिसत होती. दुकानात दार पूर्ण उघडं, समोर रस्ता, सकाळचं ऊन थेट मॉनिटरवर, गुळाच्या ढेपा मोजणारी माणसं ये-जा करतायत, तिथं ती ओळ रिकामी वाटायची. वेबसाठी जो मान्य नियम आहे त्यात साध्या आकाराच्या अक्षराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ एवढा फरक पायजे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १.०७ येतो. मी वर दिलेला #९९०००० हा गडद लाल ९ च्या आसपास येतो, तो उन्हात पण वाचता येतो. हिरवा घ्यायचा तर #००६६०० सारखा गडद घ्या. पिवळाच हवा असेल तर तो बॅकग्राउंडला द्या आणि अक्षरं काळी ठेवा.

आणि नुसत्या रंगावर सगळं सोडू नका. काही माणसांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाय, ते आपण त्यांना विचारत नाय आणि ते आपणहून सांगत नाहीत. शेवटच्या कॉलममध्ये 'थकीत', 'चुकती' असा शब्द पण ठेवा, प्रिंट काळी-पांढरी काढली तरी मग अडत नाय.

मराठी अक्षरांचं एक राहिलं. ट्रीव्ह्यूची ओळ फॉन्टप्रमाणं आपोआप उंच होत नाय, आणि आपल्याकडं वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळं वरचं नाहीतर खालचं कापलं जातं. 'कूर' ची 'कर' होते आणि हे लोक रंगाचा बिघाड समजून मला पाठवतात. स्टाईल.कॉन्फिगर('ट्रीव्ह्यू', रोहाइट=२८) करा, फॉन्ट मोठा असेल तर अजून वाढवा. टॅगला फॉन्ट पण देता येतो, थकीत ओळ लाल आणि ठळक केली तर लांबून दिसते, फक्त फॉन्ट देवनागरीचा द्या, विंडोजवर निर्मला यूआय असतोच.

आणि ती पाच ओळींची फाइल खोडू नका. माझी अजून पेन ड्राइव्हवर आहे, नवीन मशीनवर पायथन टाकलं की मुख्य प्रोग्रॅमच्या आधी ती चालवतो, 'पहिला' लाल दिसला की मगच पुढचं. मागच्या पाडव्याला दुकानात परत नवीन पीसी आला तेव्हा दिवाणजी शेजारीच उभे होते, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हं, हाय लाल. आता माझी फाइल जोड."